गार डबा

नलिनी खटावकरची पोळी तव्यावरून उतरली की थेट ताटात जायची. मध्ये डबा नाही, टोपली नाही, फडकं नाही. भोपाळच्या पिपलानी टाउनशिपमधल्या त्या रांगेतल्या सगळ्या क्वार्टरांना हे ठाऊक होतं, कारण नलिनीने ते कुणाला विसरूच दिलं नव्हतं.

कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की फाटकातून आधी सायकली आणि मागून स्कूटर सुटायच्या, आणि टाउनशिपचे सुस्त रस्ते एकदम जागे व्हायचे. पुरुष जेवायला घरी यायचे. कारखान्याला कँटीन होतं, स्वस्तही होतं, पण तिथे जेवणाऱ्याची बायको एक तर माहेरी गेलेली, नाहीतर रुसलेली, असं लोक धरून चालायचे. रवींद्र खटावकर फोरमन होते आणि नलिनीच्या बाळंतपणाचे दिवस सोडले तर ते कँटीनची पायरी चढले नव्हते. त्यांच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर आला की इकडे तवा तापलेला असायचा. ते बूट काढेपर्यंत पोळी लाटून व्हायची, हात धुवेपर्यंत फुगायची, आणि खुर्ची ओढून बसले की वाफेसकट समोर यायची. बाकीच्या बायकाही नवऱ्यांना वाढायच्याच, पण त्यांच्या पोळ्या आधी करून ठेवलेल्या. नलिनी म्हणायची, "ठेवलेली पोळी म्हणजे काय, कालचं वर्तमानपत्र."

कऱ्हाडहून लग्न होऊन ती भोपाळला आली तेव्हा तिला धड हिंदी येत नव्हती. शेजारणींत कुणी शाळेत शिकवणारी, कुणी गाणारी, कुणी भरतकामात पटाईत. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्या आपापलं काही ना काही घेऊन मिरवायच्या. नलिनीने आपली गरम पोळी घेतली आणि ती इतकी मिरवली की "खटावकरांकडे जेवायला" ह्या शब्दांना टाउनशिपच्या मराठी घरांत वजन आलं. नवा इंजिनिअर महाराष्ट्रातून बदलून आला, क्वार्टर मिळेपर्यंत हॉस्टेलवर राहिला, की पहिल्या रविवारी तो नलिनीकडे जेवायचा. जाताना म्हणायचा, "वहिनी, आईची आठवण झाली." नलिनी हे वाक्य पुढे आठवडाभर पुरवून वापरायची.

तिची मुलगी कांचन. तिची शाळा टाउनशिपमध्येच, मधल्या सुट्टीत घरी पळत यायची. पुढे कॉलेज सकाळचं, जेवायला घरीच. त्यामुळे डबा नावाची गोष्ट ह्या घरात कधी आलीच नव्हती. कांचनने एम.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा ती आली. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला. मिनीबस साकेत नगरला वळसा घालून पोचवायची, आणि प्रॅक्टिकल संपून घरी यायला संध्याकाळ व्हायची.

नलिनीने बाजारातून चार पुडांचा उंच स्टीलचा डबा आणला. पहिल्या पुडात वरण, दुसऱ्यात रस्सा भाजी, तिसऱ्यात भात, चौथ्यात तूप लावलेले फुलके, सगळं उकळतं, वाफाळतं. कांचन दारात चपला घालत असताना नलिनी शेवटचा फुलका तव्यावरून पुडात टाकायची आणि झाकण दाबून बसवायची.

"हात भाजतो आई ह्याने."

"भाजू दे. गरम आहे म्हणूनच भाजतो."

पहिल्या आठवड्यात रस्सा गळून कांचनच्या प्रॅक्टिकलचं जर्नल पिवळं झालं. नलिनीने कडीला रबर बांधलं. डबा अर्धा परत यायला लागला. "भूक नव्हती," कांचन म्हणायची, किंवा, "वेळच मिळाला नाही." नलिनीने तूप वाढवलं. मग वांगी भरून दिली, मग पनीर. मग एके दिवसापासून डबा लख्ख रिकामा परत यायला लागला आणि नलिनीचा जीव भांड्यात पडला. घासताना ती डब्याकडे अशी बघायची जसा मास्तर पहिल्या आलेल्या मुलाच्या पेपराकडे बघतो.

हे सुख फार टिकलं नाही. शेजारच्या सुशीलावहिनींचा भाऊ विद्यापीठाच्या पलीकडच्या वस्तीत राहायचा. त्यांच्याकडे जाऊन आल्यावर सुशीलावहिनी घरी न जाता आधी नलिनीकडे आल्या, पाणीसुद्धा न मागता खुर्चीत बसल्या.

"नलिनी, सांगू की नको असं झालंय मला."

म्हणजे त्या सांगणार होत्या.

"आमची बस विद्यापीठाच्या गेटापाशी थांबली होती. तिथे कडुनिंबाच्या पारावर तुझी कांचन बसलेली. आणि शेजारी कोण म्हणशील? उदय. प्रतिभाचा उदय. एका डब्यात जेवत होती गं दोघं. एका डब्यात!"

"दोघं एकाच बसने जातात वहिनी. लहानपणापासून बरोबर वाढलीयत."

"तेच म्हणते मी. वाढलीयत आता."

सुशीलावहिनी गेल्या. नलिनी ओट्याशी उभी राहिली. प्रतिभा तारे मागच्या गल्लीपलीकडच्या क्वार्टरमध्ये राहायची. दोघींची स्वयंपाकघरं समोरासमोर. मूळची उज्जैनची, मराठीत निम्मं हिंदी घालून बोलणारी. तिचा नवरा दिलीप कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. उदय शाळेत असतानाच तो हृदयविकाराने अचानक गेला आणि प्रतिभाला अनुकंपेवर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी मिळाली. सुतकात त्या घरी चूल पेटली नाही तेव्हा पिठलं-भात नलिनीनेच पोचवला होता. त्यानंतरही कितीतरी दिवस उदय शाळेतून यायचा तो खटावकरांच्या दारात. "काकू, गरम पोळी आहे?" असायचीच. प्रतिभा ऑफिसातून दमून यायची तेव्हा मुलगा जेवून झोपलेला असायचा.

त्यामुळे प्रतिभाबद्दल नलिनीच्या मनात कायम एक ऊबदार, मोठेपणाची जागा होती. बिचारी प्रतिभा. तिला स्वयंपाक येत नाही हेही त्या जागेत मायेनेच ठेवलेलं होतं. हळदीकुंकवाला एकदा तिने चिवडा आणला होता तो इतका मऊ, की सुशीलावहिनी चावताना आवाजासाठी थांबून राहिल्या होत्या.

संध्याकाळी कांचन आली. नलिनीने दार लावून घेतलं.

"त्या उदयचं आणि तुझं काय आहे?"

कांचन आईकडे बघतच राहिली, मग हसायला लागली. "उदयचं? आई, तो उदय आहे. मागच्या वर्षीपर्यंत त्याच्या नाकाला शेंबूड होता."

"मग एका डब्यात जेवता ते?"

कांचनचं हसू थांबलं. तिने बॅग खाली ठेवली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "त्याचा डबा चांगला असतो."

नलिनीला आधी कळलंच नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे... चांगला असतो. प्रतिभाकाकूंचा. आई, तू चिडू नकोस ना. तुझं जेवण बेस्टच आहे, सब लोगांना माहितीये. पण तिथे उघडेपर्यंत फुलके ओले होऊन चामड्यासारखे होतात. भाताचा गोळा होतो. तुपाचा पांढरा थर येतो वरती. मैत्रिणींसमोर मी नुसतं झाकण उघडलं तरी..."

"आणि रिकामा डबा येतो तो? कोण खातं?"

"गेटवर एक कुत्री आहे. पिल्लं आहेत तिला." कांचनने आईला बरं वाटेल असं काहीतरी शोधलं. "ती खूप खूश असते."

त्या रात्री नलिनीला वाटलं, प्रेम असतं तर बरं झालं असतं. प्रेमाचं काहीतरी करता येतं. नवऱ्याला सांगता येतं, मुलीला चार दिवस मावशीकडे पाठवता येतं, फारच झालं तर लग्न लावून देता येतं. मुलगा काही वाईट नव्हता. पण हे कुणाला सांगायचं? अहो, ऐकता का, आपली मुलगी दुसऱ्या बाईच्या हातची पोळी खाते. रवींद्र म्हणाले असते, मग खाऊ दे की.

आणि दुसरी बाई कोण, तर प्रतिभा! एखादी सुगरण असती तर नलिनीने मान खाली घातली असती. जिच्या घरी आपण पिठलं-भात पोचवला, जिची कीव करायची आपल्याला इतक्या वर्षांची सवय, तिचा हेवा करायचा तरी कसा? विधवेचा हेवा करते म्हणजे मी कसली बाई, असं नलिनीने स्वतःला विचारून पाहिलं. पण हेवा काही उत्तरासाठी थांबला नाही. त्याने चांगलं बस्तान बसवलं.

नलिनी सकाळी लवकर उठून दिवा न लावता खिडकीशी उभी राहायला लागली. समोर प्रतिभाच्या ओट्यावर दिवा असायचा. प्रतिभा झपाझप पोळ्या लाटायची, भाजायची, आणि भांड्यात न ठेवता एका जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरून टाकायची. मग पंखा लावायची आणि आंघोळीला निघून जायची! पोळ्या उघड्या पंख्याखाली पडलेल्या. नलिनीला ते बघवायचं नाही. माझी मुलगी हे खाते. वाळत घातलेल्या पोळ्या खाते.

तिने कांचनला खोदून खोदून विचारलं. काय असतं असं त्यात? कांचनलाही बोलायला विषय मिळाला आणि आईचा चेहरा न बघता ती बोलत सुटली. कधी मेथीचे धपाटे असतात, आत तीळ. कधी पोळीला दाण्याची चटणी लावून गुंडाळी, एका हाताने खाता येते, दुसऱ्या हाताने नोट्स उतरवायच्या. मोड आलेले मूग असतात कच्चेच, बरोबर कागदाच्या पुडीत मीठ-मिरपूड आणि अर्धं लिंबू. आधी मीठ घातलं की पाणी सुटतं ना, म्हणून वेगळं. "आणि आई, दहीभात. तू खाऊनच बघ. सकाळी त्यात दूधच असतं, दही फक्त चमचाभर. बसमध्ये बसल्या बसल्या विरजतं. जेवायच्या वेळी इतकं गोड दही लागलेलं असतं!"

"म्हणजे अर्धं काम बसवाल्यावर टाकलंन," नलिनी म्हणाली.

"हॉस्टेलच्या मुली तर रोज वाट बघतात. मेसमध्ये नुसतं तेल आणि बटाटा. त्या उदयकडून काकूंना विचारून विचारून खोलीवर करायला लागल्यात. हीटरवर होतं, खर्च काही नाही."

हॉस्टेलच्या मुली. म्हणजे आता "प्रतिभाकाकू" हे नाव विद्यापीठात झालं होतं. इकडे नलिनीचं नाव कुत्रीलासुद्धा ठाऊक नव्हतं.

शनिवारी कांचनने शेवटचा घाव घातला, तोही प्रेमाने. आईच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, "आई, प्रतिभाकाकू म्हणाल्या, सोमवारपासून त्या माझाही डबा उदयबरोबर देतील. त्यांना काही जड नाही. तुझी पहाटेची धावपळ वाचेल. मी हो म्हणू ना?"

नलिनी म्हणाली, "मी बोलते तिच्याशी."

रविवारी दुपारी रवींद्र झोपल्यावर ती मागची गल्ली ओलांडून गेली. हातात वाटीभर आंब्याचं लोणचं घेतलं, कारण रिकाम्या हाताने भांडायला जाणं बरं दिसत नाही. प्रतिभा पलंगावर पाय पसरून रेडिओ ऐकत होती. घर तिच्या मानाने नीटनेटकं होतं.

"या या नलिनीताई! आज कसं काय रस्ता चुकलात? बसा ना. चहा ठेवते."

"चहा नको. कांचन म्हणाली तुझं डब्याचं."

"हां, ते. अहो त्यात काय मोठं आहे. पीठ मळतेच मी, दोन जास्त."

"नको. तिचा डबा मीच देणार."

"द्या ना," प्रतिभा ताबडतोब म्हणाली. "मला काय, माझ्या दोन पोळ्या वाचल्या."

नलिनी घरून वाक्यं ठरवून आली होती. त्यातलं एकही वापरायची वेळ आली नाही आणि ती सगळी तोंडात तशीच राहिली. प्रतिभा जराशी तरी ओढाताण करेल, "राहू द्या हो, मुलीला आवडतं माझ्या हातचं," असं टोचून बोलेल अशी तिची खात्री होती. मग तिला तोडून टाकता आलं असतं.

"तू पोळ्यांना पंखा लावतेस," नलिनी शेवटी म्हणाली. तक्रारच होती ती.

"तुम्ही बघितलंत वाटतं! मग काय करू, वाफ गेल्याशिवाय डब्यात भरली की तिचंच पाणी होतं आतमध्ये. पोळी भिजते. आधी मीही गरम भरायची. ऑफिसात डबा उघडला की रोज रडू यायचं. नवीनच होते, कुणाशी बोलायची नाही, खिडकीत तोंड करून ते गिचगिचीत खायचं. मग एक दिवस म्हटलं, प्रतिभा, तुला आता गरम मिळणार नाही. तर गारच चांगलं कसं लागेल ते बघ. पीठ दुधात मळून बघितलं, तेल जास्त घालून बघितलं. बिघडलं तर मीच खात होते, कोण नावं ठेवणार? तुम्हाला तर येतंच हे सगळं. गावी जाताना गाडीत तुम्ही दशम्या नेता ना? त्या दोन दिवस राहतात. तेच हे."

नलिनीची कानशिलं तापली. खरंच, कऱ्हाडला जाताना ती दशम्या करायची, तिखटमिठाच्या पुऱ्या करायची, लसणाची चटणी करायची. गाडीतले अनोळखी लोक मागून घ्यायचे. पण तो प्रवासाचा नाइलाज. घरच्या माणसाला रोज तसलं द्यायचं हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि ते आता हिने सांगावं!

प्रतिभा लोणच्यात बोट बुडवून चाटत होती. "वा! एकदम मस्त. तुमचा हातच वेगळा." मग रेडिओ बारीक करून म्हणाली, "एक सांगू ताई? रागावू नका. तुमच्याकडे दुपारी तवा वाजतो ना, तो मला सुट्टीच्या दिवशी इथे ऐकू येतो. आमचे हे होते तेव्हाही मी अशीच होते, वाढायला कंटाळायची. आणि उदय तुमच्याकडे जेवून यायचा तेव्हा इतका राग यायचा तुमचा! वाटायचं, ह्या बाईला स्वतःचं घर पुरत नाही का? माझं पोरसुद्धा हिला पाहिजे." ती हसली. "वेडी होते. तुम्ही केलंत म्हणून तर तो मोठा झाला."

नलिनी काहीबाही बोलून उठली. गल्ली ओलांडताना तिला बरं वाटत होतं. प्रतिभा आपल्यावर जळत होती! वर्षानुवर्षं जळत होती! इतकं बरं वाटलं की घरात शिरल्यावर तिने नवऱ्याला उठवून न मागता चहा दिला. लाजही वाटली, पण ती चहानंतर.

सोमवारी तिने प्रतिभाला दाखवून द्यायचंच ठरवलं. गूळ घातलेल्या दुधात पीठ मळलं आणि दशम्या केल्या, कऱ्हाडच्या पद्धतीने, वर खसखस लावून. तिखट धपाट्यांत दुधी किसून घातला, ज्वारीचं पीठ घातलं. हरभऱ्याची वाटली डाळ केली, जी गारच चांगली लागते. काकडी चिरून दिली, मीठ वेगळ्या पुडीत. दशम्या फडक्यावर पसरल्या आणि कुणी बघत नाही ना हे पाहून पंखा लावला. त्या निवेपर्यंत नुसतं उभं राहणं तिला फार अवघड गेलं. दोनदा हात डब्याकडे गेला. डबाही उंच नको म्हणून बसका, दोन पुडांचा काढला. कांचनने तो हातात घेतला आणि तळव्याने तळ चाचपून बघितला.

असाच दुसरा डबा नलिनीने स्वतःसाठी भरून फळीवर ठेवला. तिकडे पोरं खातील त्या वेळी इकडे आपण खाऊन बघायचं, म्हणजे कळेल.

भोंगा झाला. रवींद्र आले, गरम पोळी ताटात पडली. त्यांचं होत आलं तेव्हा नलिनी समोर डबा घेऊन बसली. त्यांच्याबरोबर ती जेवायला बसल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

"हे काय? तू कुठे निघालीस?"

"कुठे नाही. कांचनला दिलंय तेच बघते."

दशमी मऊ होती, खरपूस होती. नलिनीने हळूहळू चावून बघितली. नावं ठेवायला जागा नव्हती. रवींद्रांनी तिच्या डब्यातला एक तुकडा मोडला, मग वाटली डाळ चाखली, मग अख्खं धपाटं उचललं.

"फर्स्ट क्लास! अगं, मलाही असाच देत जा ना डबा. ह्या उन्हात स्कूटर हाणत यायचं, घास गिळायचे आणि पळायचं. तिथेच पंख्याखाली बसून खाईन. दोन डाव ब्रिजचे होतील."

"काही नको," नलिनी इतक्या जोरात म्हणाली की ते दचकले. "तुम्ही घरीच यायचं."

संध्याकाळी कांचन दारातूनच ओरडत आली. "आई! कमाल केलीस! हॉस्टेलच्या मुली तुटून पडल्या. ती कानपूरवाली म्हणाली, तेरी मम्मी तो जादूगर है. मलाच एक दशमी मिळाली. उदयनेसुद्धा तुझंच खाल्लं."

"आणि त्याचा डबा?"

"कुणी उघडलाच नाही. तसाच परत नेला त्याने."

नलिनीने हे परत एकदा वदवून घेतलं. "उघडलाच नाही?" "नाही गं." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि रात्रीची कणीक मळायला घेतली, खिडकीसमोर उभी राहून. प्रतिभा ऑफिसातून येईल. मुलाच्या पिशवीतून डबा काढेल. हाताला वजन लागेल. झाकण उघडेल. त्या वेळचा तिचा चेहरा नलिनीला बघायचा होता. तो आपण फार चांगला ओळखू, असं तिला वाटलं.

समोर दिवा लागला. प्रतिभाने डबा काढला. उघडला. आत बघितलं आणि हसली. "उदय!" तिचा आवाज गल्लीपलीकडून स्पष्ट आला. "अरे, तू तर माझं काम वाचवलंस! आज आता रात्रीचा स्वयंपाक नाही. हेच खाऊ." साडीसुद्धा न बदलता तिने उभ्या उभ्या एक पोळीची गुंडाळी खाल्ली, वर पाणी प्यायली, तोंड धुतलं, केसांवरून कंगवा फिरवला. गॅस पेटलाच नाही. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं आणि ती गल्लीत आली, पायात चपला, अंगावर फिरायला जायची सुती साडी. खिडकीत नलिनीला पाहून थांबली.

"नलिनीताई, ऐकलं मी! पोरांनी तुमचाच फडशा पाडला म्हणे. रोज द्या असंच. येता का फिरायला? पार्कात हवा छान सुटलीय. मग क्लबात थोडं बसू, आज कुणी गाणारी आली आहे."

"कणीक मळलीय," नलिनी म्हणाली. हात दाखवला. "ह्यांच्या पोळ्या व्हायच्यात."

"हां, ते तर आहेच," म्हणून प्रतिभा निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत राहिला. चाल काही घाईची नव्हती. नलिनी तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि ज्याला आपण हरवलं असं तिला वाटत होतं तो हेवा पुन्हा येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. ह्या खेपेला त्याला पोळीशी काही देणंघेणं नव्हतं.

रवींद्र जेवायला बसले. तिने तव्यावरची पोळी त्यांच्या ताटात टाकली, दुसरी तव्यावर घातली आणि पोळपाटाकडे वळत, सहज आठवल्यासारखं म्हणाली, "उद्यापासून डबा देते तुम्हाला. दुपारी म्हणत होतात ना. संध्याकाळचंही बघू काहीतरी, सकाळीच करून ठेवता आलं तर."

"छे गं!" ते म्हणाले. "दुपारी आपलं तोंडाला आलं म्हणून बोललो. तू म्हणालीस ते पटलं मला. ठेवलेलं ते ठेवलेलंच. तुझ्या गरम पोळीची सर कशाला येणार?"

हे वाक्य त्यांनी लग्न झाल्यापासून कधी म्हटलं नव्हतं. नलिनी पोळपाटावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. मागे तव्यावरची पोळी फुगली होती आणि तिच्या कडेला काळं धरायला लागलं होतं.

"अगं, जळतंय काहीतरी," रवींद्र म्हणाले.

"जळू दे," नलिनी म्हणाली. आणि मग सवयीने वळून तिने ती उलटली.